जुन्या बुलेटची मागची बाजू उचलताना

झाशीहून पुन्हा तुमच्या भेटीला आलो आहे. आजचा विषय जरा ग्रीसने माखलेला आहे, पण ज्यांच्या घरात वडिलांची किंवा आजोबांची मोटारसायकल उभी आहे त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकावा.

आमच्या भागातल्या एका मराठी घरातला नातू महिन्याभरापूर्वी आला. आजोबांची १९८० च्या दशकातली बुलेट ३५० त्याने पुन्हा रस्त्यावर आणली आहे. म्हणाला, "काका, गाडी मागून बसते. गतिरोधकावर धाडकन आपटते, आजीला मागे बसवलं की कंबर धरते. मागची बाजू दोन इंच उचलायची आहे, पट्ट्याही आणल्यात. बसवू ना?" मी म्हटले, पट्ट्या बाजूला ठेव, आधी टेप आण.

त्या दिवशी आम्ही जे केले ते आज क्रमाने सांगतो.

आधी या गाडीविषयी थोडे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय सैन्याने सीमेवरच्या गस्तीसाठी बुलेट घेतली, आणि १९५५ साली मद्रास मोटर्सच्या साथीने एन्फील्ड इंडिया उभी राहिली. इंग्लंडमध्ये १९४० च्या दशकाच्या अखेरीस ही गाडी आली तेव्हा मागच्या चाकाला हलता चिमटा, म्हणजे स्विंगआर्म, आणि दोन शॉकअप असणे हीच नवलाई होती. त्याआधी बहुतेक गाड्यांचे मागचे चाक सरळ चासीत घट्ट बसवलेले असे आणि सारे धक्के सीटखालच्या स्प्रिंगा झेलत. चासीचे कोन, चाकांमधले अंतर आणि शॉकअपची लांबी हे सगळे एकमेकांशी जुळवून ठरवलेले असते. त्यातले एक हलवले की बाकीचे आपोआप हलतात.

आता पहिला प्रश्न. गाडी खरोखर बुटकी आहे, की थकून बसली आहे? हे डोळ्यांनी कळत नाही, मोजावे लागते. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, मागचे चाक अधांतरी राहू द्या. मागच्या एक्सलच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डवर खूण करा आणि अंतर मोजा. मग गाडी स्टँडवरून उतरवून चालवणाऱ्याला नेहमीच्या कपड्यांत, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून बसवा. दुसऱ्याने गाडी सरळ धरावी आणि तिसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजावे. दोन्ही आकड्यांमधला फरक म्हणजे गाडीची बैठक. रस्त्यावरच्या गाडीत ही बैठक मागच्या चाकाच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश असावी.

या गाडीचे चाक एकूण ७५ मिलिमीटर हलत होते. म्हणजे बैठक १९ ते २५ च्या आसपास हवी. निघाली ४४. एकट्या नातवाच्या वजनानेच अर्ध्याहून अधिक हालचाल संपत होती. आजी मागे बसल्यावर धक्का झेलायला उरणार काय?

कारणे तीन सापडली. शॉकअपच्या खालचे खाचांचे कडे सर्वांत मऊ खाचेवर होते. डोळ्यांतले रबरी बुश भुगा झाले होते. आणि स्प्रिंगा कधीतरी बदललेल्या, या गाडीच्या वजनाला कमी पडणाऱ्या होत्या. एक गैरसमज इथेच दूर करतो. शॉकअपमधून तेल गळते म्हणून गाडी बसली, असे पुष्कळ जण म्हणतात. साध्या तेलाच्या शॉकअपमध्ये गाडीचे वजन स्प्रिंग पेलते. तेल फक्त तिची उसळी आवरते. तेल गेले की गाडी बसत नाही, ती होडीसारखी डुलत राहते.

दुसरा गैरसमज खाचांच्या कड्याचा. कडे फिरवून स्प्रिंग ताठ होते असे वाटते. स्प्रिंगची ताकद तीच राहते. फक्त ती आधीच थोडी दाबली जाते, म्हणून गाडी वरच्या पातळीवर उभी राहते. स्प्रिंगच मऊ असेल तर कडे शेवटच्या खाचेपर्यंत नेऊनही खड्ड्यात ती आपटणारच.

आम्ही मूळ लांबीचे, योग्य स्प्रिंगचे नवे शॉकअप आणि नवे बुश बसवले. बैठक आली २६. म्हणजे नातू बसलेला असताना गाडीची मागची बाजू पूर्वीपेक्षा १८ मिलिमीटर वर होती, तेही कोणतीही पट्टी न लावता. तो म्हणाला, "काका, उंची वाढली!" वाढली नव्हती, गेलेली परत आली होती.

माझा अनुभव असा की दहापैकी बहुतेक जुन्या गाड्यांचे दुखणे इथेच संपते. पण समजा, तुमचे पाय लांब आहेत आणि तुम्हाला मूळ उंचीपेक्षा वर जायचेच आहे. तर काय काय बदलते ते नीट समजून घ्या.

बुलेटच्या दोन चाकांमधले अंतर सुमारे १३७० मिलिमीटर. मागची बाजू २५ मिलिमीटर, म्हणजे एक इंच उचलली की सगळी गाडी पुढच्या चाकाभोवती साधारण एक अंशाने पुढे झुकते. हँडलचा दांडा तेवढाच उभा होतो. त्या दांड्याची सरळ रेषा जमिनीला जिथे टेकते, त्याच्या थोडे मागे पुढचे टायर जमिनीला टेकते. या दोन बिंदूंमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. सामान भरलेल्या हातगाडीचे फिरते चाक आपोआप सरळ होते ते याच अंतरामुळे. १९ इंची चाकाच्या गाडीत एक अंशाला ट्रेल सहा-सात मिलिमीटरने कमी होतो. गाडी वळायला हलकी होते, पण सरळ राहण्याची तिची ओढही कमी होते. दोन इंच उचलले तर हिशेब दुप्पट. त्यात पुढचा ब्रेक दाबला की पुढची बाजू आणखी दबते आणि ट्रेल आणखी घटतो. हँडलचा कोनसेट किंवा चिमट्याचा बुश सैल असेल तर आजवर लपलेली थरथर या वेळी हातात येते. म्हणून उंचीला हात लावण्याआधी हे दोन्ही घट्ट हवेत.

आता चेन. ही गोष्ट गॅरेजमध्येही अनेकदा सुटते. गिअरबॉक्सची पुढची चक्री, चिमट्याची खीळ आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात तेव्हा पुढच्या चक्रीपासून एक्सलपर्यंतचे अंतर सर्वांत जास्त असते आणि चेन सर्वांत ताणलेली असते. मागची बाजू उचलली की एक्सल त्या रेषेच्या आणखी खाली जातो आणि उभ्या गाडीत चेन सैल दिसते. मेकॅनिक ती पुस्तकातल्या मापाने ताणतो. मग दोघे बसले, खड्डा आला, एक्सल रेषेत आला की चेन तारेसारखी ताठ होते. भार येतो गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर. म्हणून चेनचा ढिलेपणा त्या सरळ रेषेच्या स्थितीत तपासावा. त्यासाठी गाडीवर दोन माणसे बसवावी लागली तरी चालेल.

मागचा ड्रम ब्रेक सळईने ओढला जातो, त्यामुळे पेडलचा मोकळा खेळ पुन्हा लावावा लागतो. हेडलाइटचा झोत एक इंचाला दहा मीटरवर सुमारे १८ सेंटिमीटर खाली येतो, तो वर घ्यावा लागतो. मधल्या स्टँडवर मागचे चाक जमिनीला टेकू लागते, मग पंक्चर काढताना पंचाईत. साइड स्टँडवर गाडी जास्त कलते. आमच्या सदर बाजारात मे महिन्यात डांबर मऊ झालेले असते. स्टँड त्यात रुतला तर पावणेदोनशे किलोच्या आसपासची गाडी शेजारच्या माणसाच्या पायावर येईल.

आणि त्या पट्ट्या? शॉकअपच्या खालच्या जोडावर लोखंडी पट्टी लावून शॉकअप वर सरकवणे हा सर्वांत स्वस्त उपाय, म्हणूनच सर्वांत जास्त विकला जाणारा. मूळ रचनेत धक्का थेट जोडावर येतो. पट्टीमुळे तो जोडापासून दूर येतो आणि जोडाच्या बोल्टला पिळतो. तो बोल्ट अशा पिळासाठी बनवलेला नाही. तुटला तर एका बाजूचा आधार जातो आणि चिमटा वाकडा होतो. दतियाच्या किंवा बबीनाच्या रस्त्यावर साठच्या वेगात, मागे आजी बसलेली असताना हे घडले तर काय होईल ते मी सांगायला नको. उंची वाढवायचीच असेल तर थोडे लांब, त्याच वजनासाठी बनवलेले शॉकअप जोडीने घ्या. दहा-बारा मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका. हे शॉकअप तिरपे आणि एक्सलच्या थोडे पुढे बसतात, म्हणून दहाची लांबी वाढवली की एक्सलवर दहापेक्षा थोडे जास्तच मिळते.

कायद्याचेही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला शिक्षाही ठरवली आहे. जुन्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नवी करावी लागते, तेव्हा गाडी तपासणीला न्यावीच लागते. तुम्ही कोणत्याही राज्यात असा, काम करण्याआधी आपल्या आरटीओत विचारून घ्या.

क्रम लक्षात ठेवा. आधी मोजा. मग बुश, कोनसेट आणि स्प्रिंग दुरुस्त करा. पुन्हा मोजा. तरीही गरज उरली तर थोडेच उचला, आणि उचलल्यावर चेन, ब्रेक, दिवा, दोन्ही स्टँड तपासा. पहिली फेरी एकट्याने, मोकळ्या रस्त्यावर, चाळीसच्या आत. हँडल हलले तर परत या.

त्या नातवाच्या पट्ट्या अजून माझ्याकडेच आहेत. त्याने मागितल्या नाहीत आणि मीही दिल्या नाहीत. पुढच्या भागात जुन्या गाडीच्या वायरिंगविषयी बोलू. तोवर हेल्मेट दोघांनीही घाला. जय हिंद.