शेळ्या, कोंबड्या आणि एक कापलेला गुण

नाशिकच्या शाळेत बीजगणित शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्याने मुलींच्या गणिती सृजनशीलतेचा मागोवा घ्यायचा तर आरंभ स्वतःच्या कसुरीपासून करावा, हे मला उचित वाटते. कोंबड्या आणि शेळ्या मिळून ३० डोकी, ८४ पाय. तर शेळ्या किती? 'क्ष' आणि 'य' मानून दोन समीकरणे मांडावीत, हा शिरस्ता. एका मुलीने समीकरण मांडलेच नाही. सगळ्या कोंबड्याच धरल्या तर पाय ६० होतात, उरलेले २४ पाय शेळ्यांच्या वाढीव दोन-दोन पायांचे, म्हणून शेळ्या १२, असे तिने लिहिले, आणि 'रीत नाही' असा शेरा मारून मी तिचा गुण कापला. त्याच वर्गातल्या एका मुलाने हेच तोंडी सांगितले, तेव्हा मात्र मी त्याच्या कल्पकतेची वाखाणणी केली होती.

तिची रीत भास्कराचार्यांच्या इष्टकर्माच्या, म्हणजे आधी एक उत्तर मानून मग ते सुधारण्याच्या रीतीच्या, कुळातली होती. ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने चाळीसगावजवळच्या पाटणला मठ स्थापला, त्या आचार्यांनी ११५० मध्ये 'लीलावती'तली कित्येक उदाहरणे एका बालेला उद्देशून घातली. ती त्यांची कन्या होती की नाही हा वाद बाजूस ठेवला, तरी प्रश्न स्त्रीला विचारण्याजोगा आहे हे त्यांनी गृहीत धरले होते. पुढे मात्र हे गृहीत राहिले नाही. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, आणि तीनच वर्षांत टिळकांच्या 'केसरी'ने त्याच्या शिक्षणक्रमावर कडक टीका केली. तरीही रँग्लर परांजपे यांच्या कन्या शकुंतलाबाईंनी १९२९ पर्यंत केंब्रिजला गणिताची ट्रायपॉस ही पदवीपरीक्षा पुरी केली. पण असे घर किती मुलींना लाभले?

आमच्या देवळालीच्या कापरेकर गुरुजींचे उदाहरण मला यासाठीच मोलाचे वाटते. पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या या शाळामास्तरांनी अंकांशी खेळता खेळता ६१७४ हा स्थिरांक शोधला आणि १९४९ मध्ये तो प्रसिद्ध केला. असा खेळ मांडायला बुद्धीइतकीच फुरसत लागते, आणि चुकण्याची मुभाही. आमच्या घरांनी ही दोन्ही मुलग्यांना न मागता दिली, मुलींना मात्र घरकामाच्या वाटणीतून उरली तरच.

२००८ मध्ये जॅनेट हाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सुमारे ७० लाख विद्यार्थ्यांचे गुण तपासले. मुलगे व मुली यांत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्यांची दुसरी नोंद: त्या परीक्षांत खोल विचार मागणारे प्रश्न जवळजवळ नव्हतेच. आमचीही अवस्था निराळी नाही. दहावीच्या निकालात मुली वर्षानुवर्षे पुढे असतात, आणि आम्ही त्यांना 'मेहनती' म्हणून मोकळे होतो. विचारांचा ओघ, लवचीकता, मौलिकता ही सृजनशीलतेची लक्षणे तपासणारा रकाना निकालपत्रकात नसतोच.

निवृत्तीनंतर शेजारच्या मुली गणित विचारायला येतात, तेव्हा तोच जुना प्रश्न मी घालतो आणि एकाहून अधिक रीती मागतो. परवा एकीने लिहिले: प्रत्येक जनावराने निम्मे पाय उचलले, तर जमिनीवर ४२ उरतात, त्यांतून ३० डोकी वजा केली की शेळ्या १२. ही रीत मला कधी सुचली नव्हती.