कट्ट न वाजताही

आजी खोलीत आल्या तशा बाईंनी आधी त्यांच्या चपला उचलून उलट्या केल्या. उजवीची टाच बाहेरच्या कडेनं पार झिजलेली, डावी मात्र धड. "डाव्या पायावर भार टाकत नाही तुम्ही." आजी कंबर दाखवायला आल्या होत्या, त्यांना ही चपलेची चौकशी काही पटली नाही. सोबतचा मुलगा तर थेट मुद्द्यावर आला : "मॅडम, ते कट्ट करून हाड बसवत्यात न्हवं, तेवढं करा की."

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत त्या खोलीत मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होतो. मोबाइलवरच्या व्हिडिओंनी या 'कट्ट'चं कायरोप्रॅक्टिक हे नाव आता गल्लोगल्ली पोचवलंय. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टला डी. डी. पामर यांनी 1895 साली ही पद्धत सुरू केली. मणका जागचा हलतो, त्यानं नसा अडतात आणि बहुतेक आजार तिथूनच उपजतात, हा त्यांचा दावा पुढं टिकला नाही. कंबरदुखीवर हातानं केलेल्या उपचाराचा थोडाफार गुण येतो, एवढं टिकलं. आपल्याकडं कायरोप्रॅक्टरसाठी वेगळा कायदा नाही. या बाई फिजिओथेरपिस्ट आहेत आणि सांधे मोकळे करण्याचं हे तंत्र त्या जपून वापरतात.

खरं तर कोल्हापूरला याचं अप्रूप वाटायला नको. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींच्या गावात निखळलेला खांदा आधी वस्तादाला दाखवायचा, मग दवाखाना, अशीच पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ पाठीला लावून घेणारेही अजून सापडतील. हाताला गुण असतो हा विश्वास इथल्या मातीत मुरलाय. म्हणूनच बाईंचं काम अवघड आहे : लोक आवाज ऐकायला येतात.

आवाजात तसं काही नसतं. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवावरचा दाब एकदम उतरला की आत वायूची पोकळी तयार होते आणि कट्ट वाजतं. हाड जागेवर बसलं असा त्याचा अर्थ नाही.

बाईंनी आजींना खुर्चीत बसवलं आणि तीन मीटर अंतरावर जमिनीवर आखलेल्या पट्टीकडं बोट केलं. "उठा, तिथवर जा, वळा, परत येऊन बसा. रोज चालता तसंच." घड्याळ चालू झालं. बारा सेकंदांच्या वर गेलं की पडण्याचा धोका धरतात. आजींना सतरा लागले. पण बाईंची नजर घड्याळापेक्षा वळण्यावर होती. वळताना आजी चार-पाच बारकी पावलं टाकत होत्या आणि डोळे जमिनीवरून हलत नव्हते. मग भिंतीशी उभं करून डोळे मिटायला सांगितलं. आजी लगेच झोकांडल्या, बाईंचा हात पाठीशी तयारच होता.

तोल तिघांच्या भरवशावर असतो : डोळे, कानाच्या आतला भाग आणि तळपाय-सांध्यांकडून मेंदूला जाणाऱ्या खबरा. आजींची सगळी मदार डोळ्यांवर होती. दुखरी कंबर आणि आखडलेला घोटा तिसरी खबर नीट पोचू देत नव्हते. अंधारात मोरीकडं जाताना माणसं पडतात ती यामुळंही.

वय आणि ठिसूळ हाडांची शंका पाहून बाईंनी झटका दिलाच नाही. कुशीवर निजवून कंबरेचे सांधे तळहातानं हळूहळू हलवले, मग घोटा, मग पायाची बोटं एकेक करून. बराच वेळ चाललं ते. मुलगा कान लावून बसलेला. शेवटी न राहवून म्हणाला, "वाजलं न्हाई की ओ!"

पुन्हा तेच चालणं : चौदा सेकंद. मुलगा खूश. बाई मात्र म्हणाल्या, यातले काही सेकंद दुसऱ्यांदा चालण्याच्या सवयीचे असतील, उरलेले दुखणं कमी झाल्याचे, आणि ते फार काळ टिकणार नाहीत. मला हे बोलणं उपचारापेक्षा मोलाचं वाटलं. पहिल्याच दिवशी तीस बैठकांचं पॅकेज गळ्यात मारणारे हे सांगत नाहीत. हातानं मणका मोकळा केल्यानं म्हाताऱ्या माणसांचं पडणं थांबतं, याला पुरावा तोकडा आहे. व्यायामाचा पुरावा भक्कम : अनेक चाचण्या एकत्र करून 2019 साली काढलेल्या निष्कर्षानुसार व्यायामानं पडण्याचं प्रमाण जवळपास 23 टक्क्यांनी घटतं.

तेवढ्यात मुलानं स्वतःची मान पुढं केली. "माझी तरी मोडा. सलूनमध्ये मोडतो तसं." बाईंनी ठाम नकार दिला. मानेच्या झटक्यानं मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी आतून फाटू शकते. क्वचित घडतं, पण त्यातून लकवा होऊ शकतो.

मग त्यांनी आजींना ओट्याला धरून टाचा उचलायला शिकवलं, आणि हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायला. दिवसातून दोनदा, दहा-दहा वेळा.

"आनि मी कवा यायचं?" आजींनी विचारलं.

"पंधरा दिवसांनी. ओट्याकडं मात्र रोज."