वकिलाच्या संकेतस्थळावर पाच बाबी, शुल्क त्यांत नाही

भारतातल्या वकिलाला आपल्या संकेतस्थळावर स्वतःविषयी 5 बाबी देता येतात: नाव, संपर्क, सनदेचा तपशील, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ही मुभा 2008 मध्ये, वकिलांच्या जाहिरातीला बंदी घालणाऱ्या नियम 36 ला जोडली. माहिती खरी असल्याचे निवेदनही सोबत द्यावे लागते.

पाचपैकी चार बाबी वकील कोण हे सांगतात; तो कोणती कामे करतो हे एकच सांगते. जिंकलेले दावे, पक्षकारांचे अभिप्राय, शुल्क यांना जागा नाही. देशात 15 लाखांहून अधिक वकिलांची नोंद आहे. त्यांतून निवड करणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘खर्च किती येईल’ हा असतो, आणि त्याचेच उत्तर संकेतस्थळावर देता येत नाही.

अमेरिकेत सुरुवातच शुल्कापासून झाली. 1976 मध्ये ॲरिझोनातील दोन वकिलांनी वर्तमानपत्रात दरपत्रक छापले. विनावाद घटस्फोटाचा दर होता 175 डॉलर आणि न्यायालयाचे 20 डॉलर. 1977 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी अशा जाहिरातीला संरक्षण दिले. 2024 मध्ये तिथे कायदेसेवांच्या सुमारे 2.7 कोटी जाहिरातींवर अडीच अब्ज डॉलर, म्हणजे 21 हजार कोटी रुपयांच्या आसपास खर्च झाला, असे अमेरिकन टॉर्ट रिफॉर्म असोसिएशन सांगते. ही संघटना अशा जाहिरातींची टीकाकार आहे, हे आकडा वाचताना लक्षात ठेवावे. सरासरी निघते जाहिरातीमागे 93 डॉलर: खर्च फुगतो तो जाहिरातींच्या संख्येमुळे.

भारतीय नियमातली विसंगती पाटीपाशी दिसते. कार्यालयाच्या पाटीवर वकिलाने अमुक प्रकारच्या कामात विशेष प्रावीण्य असल्याचे लिहू नये, असे नियम 36 म्हणतो. तोच नियम संकेतस्थळावर दिवाणी, फौजदारी, कर, कामगार अशी क्षेत्रे लिहू देतो. एकाच वकिलाला जिन्यावर जे मना, ते पडद्यावर चालते.

वकिलांची यादी देणाऱ्या ऑनलाइन मंचांची वाट 3 जुलै 2024 रोजी आणखी अरुंद झाली. मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांना गुणांकन देण्यावर आणि दर लावून सेवा विकण्यावर कठोर ताशेरे ओढले व बार कौन्सिलला 4 आठवड्यांत परिपत्रक काढण्यास सांगितले. माझ्या मते याचा फटका तालुक्याच्या गावातल्या नव्या वकिलाला अधिक बसतो. मोठ्या फर्मला परिषदा आणि जुने पक्षकार असतात. नव्या वकिलाला शोधयंत्रच असते.

म्हणून पाचवी बाब नीट लिहावी, मराठीत लिहावी. ‘दिवाणी’ एवढ्यावर न थांबता वारस नोंद, भाडेकरूचा ताबा, चेक न वटणे असे लोक शोधतात ते शब्द द्यावेत. कायदा समजावणारे लेख लिहिता येतात. पण स्वतः चालवलेल्या खटल्यांच्या अनुषंगाने वृत्तपत्रात भाष्य घडवून आणण्याला नियमात स्पष्ट मनाई आहे आणि अप्रत्यक्ष जाहिरातही बंदीत मोडते.

मर्यादा ओलांडल्यास ॲडव्होकेट्स ॲक्ट, 1961 च्या कलम 35 खाली 3 शिक्षा आहेत: समज, ठरावीक काळ निलंबन, किंवा नोंदवहीतून नाव काढणे. राज्य बार कौन्सिलने वर्षभरात तक्रार निकाली काढली नाही, तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते.