काठ सरकतो, होडी कुठून सोडायची?

हुक्केरी तालुक्यातल्या हिडकल धरणाचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर उघडं पडतं. बेळगाव-निपाणीकडची माणसं मग गाड्या काढून ते बघायला जातात. पावसाळ्यानंतर त्याच जागेवर घटप्रभेचं पाणी पसरलेलं असतं. 51 टीएमसीच्या या जलाशयाचा काठ वर्षभर असा मागंपुढं होत राहतो. होडी पाण्यात सोडायला पक्की जागा बांधायची तर ती नेमकी कुठं, हा प्रश्न जवळपास प्रत्येक मोठ्या धरणाला पडतो.

त्यावरचा उपाय म्हणजे रॅम्प. काठावरून सुरू होऊन पाण्याखाली खोलवर गेलेला काँक्रीटचा उतार. पाणी कितीही ओसरलं तरी त्याचं टोक पाण्यातच राहावं एवढी त्याची लांबी लागते. उतार साधारण 12 ते 15 टक्के, म्हणजे 100 फुटांत 12 ते 15 फूट खाली. यापेक्षा सपाट केला तर ट्रेलरवरची होडी तरंगायच्या आधी तो ओढणाऱ्या गाडीचीच चाकं पाण्यात जातात. जास्त तीव्र केला तर शेवाळावरून गाडी घसरते. ओल्या टायरला पकड मिळावी म्हणून काँक्रीटवर आडव्या खाचा पाडतात.

अमेरिकेत अटलांटाजवळच्या लेक लॅनिअरसारख्या धरणाच्या तलावांवर असे सार्वजनिक रॅम्प जागोजागी आहेत. रॅम्प अडवून तयारी करत बसायचं नाही, हा तिथला पहिला शिष्टाचार. पट्टे सोडणं, तळाचं बूच घट्ट बसवणं, पुढच्या-मागच्या टोकांना दोर बांधणं, लाइफ जॅकेट चढवणं हे सगळं बाजूच्या मोकळ्या जागेत उरकायचं. नवख्यांची फजिती होते ती ट्रेलर मागं घेताना, कारण स्टिअरिंग एकीकडे वळवलं की ट्रेलर दुसरीकडे जातो. त्यावर सोपी युक्ती आहे. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा आणि ट्रेलर जिकडे न्यायचा तिकडेच हात सरकवायचा. होडी तरंगायला लागेपर्यंत नाकाजवळचा पट्टा सोडायचा नाही. बूच विसरलं असेल तर थोड्याच वेळात पाय ओले होतात.

आपल्याकडे ट्रेलरवरून होडी आणणारे थोडेच, इथं होडी लागते ती पलीकडे जायला. कोयना धरणामागचा शिवसागर जलाशय सुमारे 50 किलोमीटर लांब आहे. धरणाच्या पाण्यानं गावं बुडाली, वाटा तुटल्या आणि तापोळा-बामणोली भागात लाँच हीच एसटी झाली. तापोळ्याला गाड्या पलीकडे नेणारा तराफाही आहे. त्याची पुढची झडप काठावर टेकते आणि जीप तिच्यावरून आत चढते. पाणी उतरलं की तराफा लागायची जागाही खाली सरकते. काठ चिखलाचा असेल तर ड्रायव्हरची खरी परीक्षा तिथंच असते. बामणोलीहून वासोटा किल्ल्याला निघालेले ट्रेकर मात्र लाकडी फळीवरून तोल सांभाळत होडीत शिरतात.

धोका सगळा काठावरच असतो असं नाही. 21 मे 2024 रोजी उजनी धरणाच्या फुगवट्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यानं उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्याच वर्षी जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी बुडून 12 मुलं आणि 2 शिक्षिका दगावल्या. इंजिनाच्या होड्यांची तपासणी आणि नोंदणी करायला सांगणारा अंतर्देशीय जलयान कायदा 2021 सालीच झाला आहे. होडी चालवण्याचं रीतसर प्रशिक्षण हवं असेल तर बेळगावकरांना फार लांब जायला नको, गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था ते देते.

तापोळ्याजवळ आता पुलाचं काम हाती घेतलं आहे. तो झाल्यावर गाड्यांना तराफ्याची वाट बघावी लागणार नाही. वासोट्याला जाणाऱ्यांना मात्र बामणोलीच्या काठावर होडीवाल्याशी भाडं ठरवावंच लागेल.