कुंडीतला पहिला पाऊस



नोव्हेंबर आला की आपल्या बेलव्ह्यूत दुपारी साडेचारलाच दिवे लावावे लागतात आणि पाऊस आठवडा-आठवडा हटत नाही. भारतातल्या नातेवाइकांना वाटतं, इथे केवढा धो धो पाऊस! खरं म्हणजे सिॲटल परिसरात वर्षभरात साधारण १००० मिलिमीटर पडतो. मुंबईत जून ते सप्टेंबर एवढ्यातच त्याच्या दुपटीहून अधिक. मुंबईचा पाऊस कोसळून मोकळा होतो, इथला नुसता रेंगाळतो.

गेल्या नोव्हेंबरात आई आमच्याकडे होती. बाबा गेल्यानंतरची तिची पहिलीच खेप. असाच पावसाचा आठवडा लागला. तिसऱ्या दिवशी ती खिडकीशी बसल्या बसल्या म्हणाली, "अगं, हा कसला पाऊस? याला ना आवाज, ना वास. मला तिकीट बदलून दे."

मला काही बोलवेना.

आवाजाची सोय कांदाभज्यांनी केली. कढईतलं चुर्र ऐकून आई आपणहून ओट्याशी आली. ड्रायरमधले गरम टॉवेल मांडीवर घेऊन घड्या घालायलाही तिला आवडू लागलं. वासाचं कोडं मात्र माझ्या विषयातलं होतं.

पहिल्या पावसाच्या वासाला ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी १९६४ साली 'पेट्रिकोर' असं नाव दिलं. आपल्याकडे मृद्गंध हा शब्द आहेच. कोरड्या दिवसांत वनस्पतींची तेलं माती-दगडांत मुरतात. शिवाय मातीतले जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात. बीट चिरताना येणारा मातकट वासही त्याचाच. थेंब पडला की मातीच्या छिद्रांतली हवा बारीक बुडबुड्यांतून फुटते आणि वास वर उडतो. पण माती आधी सुकलेली हवी! इथली माती ऑक्टोबरात भिजते, ती उन्हाळा येईपर्यंत नीट सुकतच नाही. मग वास येणार कुठून?

गॅरेजमध्ये उन्हाळ्यातली टोमॅटोची एक कुंडी पडून होती. रोप केव्हाच गेलेलं, माती खडखडीत. शनिवारी ती स्वयंपाकघरात आणून वर्तमानपत्रावर ठेवली. लेकीने चहाच्या गाळण्यातून थेंब थेंब पाणी पाडलं. आई वाकली, आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली.

मग लेकीला सांगू लागली, "पहिला पाऊस आला की तुझे आजोबा ऑफिसच्या कपड्यांतच अंगणात भिजत उभे राहायचे आणि तिथूनच ओरडायचे, चहा टाक गं!"

"मग तू द्यायचीस?"

"आधी रागवायचे, मग द्यायचे."

बाबा गेल्यापासून त्यांच्याबद्दल ती हसून बोलली, ते त्या दिवशी पहिल्यांदाच.

संध्याकाळी गवती चहा घालून चहा झाला, रात्री खिचडी-पापड. पत्त्यांत आईने आम्हा सगळ्यांना हरवलं. तिकिटाचा विषय निघाला नाही. झोपायला जाताना एवढंच म्हणाली, "ती कुंडी गॅरेजात ठेव. वाळली की पुन्हा बघू."

तेव्हा मंडळी, जुलै-ऑगस्टमध्ये इथे पाऊस जेमतेमच असतो. त्या दिवसांत एखादी कुंडी मातीसकट सुकवून ठेवा. घरी आई-बाबा, सासू-सासरे येणार असतील तर दोन ठेवा! आणि तुमच्याकडे काय घडलं ते संक्रांतीच्या कार्यक्रमात भेटाल तेव्हा जरूर सांगा.