पॉलिकार्बोनेट पत्र्यातले पाणी

हरितगृह असो वा कापडाचे गोदाम, छपरावरच्या दुपदरी पॉलिकार्बोनेट पत्र्याच्या नळ्यांत पाणी दिसले की पत्राच बदलण्याचा सल्ला मिळतो. व्यापारी बांधवांनी घाई करू नये. पॉलिकार्बोनेटमधून वाफ थोडीफार आत जातेच. रात्री पत्रा गार पडला की तिचे दव होते. दुपारपर्यंत ते सुकले तर काळजी नाही. साचून राहिले तर शेवाळ धरते, उजेड घटतो. नळ्या उताराच्या दिशेनेच हव्यात. वरचे तोंड ॲल्युमिनियमच्या अखंड पट्टीने बंद करावे. खालच्या तोंडाला हवा खेळू देणारी सच्छिद्र पट्टी लावावी व कडपट्टीला भोके ठेवावीत. दोन्ही तोंडे सिलिकॉनने बुजवली की ओल आतच कोंडते. ओला पत्रा पट्ट्या काढून कोरड्या हवेच्या झोताने सुकवावा. पट्टीचा खर्च थोडा, नव्या पत्र्याचा मोठा.