गवा, रेडा आणि बायसन : एका नावाची गल्लत

९ डिसेंबर २०२० रोजी पुण्याच्या कोथरूड भागात एक रानगवा वाट चुकून शिरला. पाहता पाहता बघ्यांची गर्दी जमली. काही तासांच्या पळापळीनंतर त्याला पकडण्यात आले. परंतु भेदरलेल्या, दमलेल्या त्या प्राण्याने त्याच दिवशी प्राण सोडला.

या प्राण्याला आपण गवारेडा म्हणतो, इंग्रज शिकाऱ्यांनी त्याला ‘इंडियन बायसन’ म्हटले. वास्तविक तो रेडाही नव्हे आणि बायसनही नव्हे. गवा हा गाय-बैलांचा निकटचा आप्त होय. ईशान्य भारतात पाळला जाणारा मिथुन हा त्याचाच माणसाळलेला भाऊबंद. काळसर तुकतुकीत अंग, खांद्यापासून पाठीवर गेलेला उंचवटा आणि गुडघ्यांखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, ही त्याची ओळख. गोव्याचा हा राज्यप्राणी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील दाजीपूरचे जंगल १९५८ साली त्याच्यासाठीच राखले गेले; राधानगरी अभयारण्य ते हेच.

खऱ्या बायसनची वस्ती भारतापासून फार दूर आहे. त्याच्या दोनच जाती उरल्या आहेत : एक उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतील, दुसरी युरोपच्या अरण्यांतील. खांद्यावर मोठे वशिंड, मानेवर व छातीवर दाट लोकर, हनुवटीला दाढी आणि आखूड शिंगे असे त्याचे रूप. बर्फ डोक्याने बाजूला सारून तो खालचे गवत खातो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत कोट्यवधी बायसन होते. कातड्यांच्या व्यापारापायी झालेल्या बेसुमार शिकारीमुळे शतकाच्या अखेरीस ते हजाराच्याही आत आले. पुढे संरक्षण लाभल्याने ते सावरले आणि २०१६ साली त्याला अमेरिकेच्या राष्ट्रीय सस्तन प्राण्याचा मान मिळाला.

म्हशीचे कूळ याहून वेगळे. तिला वशिंड नसते, अंगावर केस विरळ असतात आणि पाण्याची ओढ भारी. आफ्रिकेतील रानम्हशीची शिंगे कपाळावर शिरस्त्राणासारखी जुळलेली असतात. ती कधीच माणसाळली नाही. आपल्या गोठ्यातील म्हैस आली ती आशियाई रानम्हशीपासून. चंद्रकोरीसारखी पसरलेली तिची शिंगे सहज ओळखू येतात.

गल्लतीचा खरा तोटा होतो तो या रानम्हशीला. दाजीपूरला गवे पाहिलेल्याला वाटते, रानरेडे अजून पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात जगभरात मिळून रानम्हशी चार हजारांहूनही कमी उरल्या आहेत. त्यांतील बहुतेक आसामात, विशेषतः काझीरंगात आहेत. छत्तीसगडचा तो राज्यप्राणी असला तरी तेथे त्यांचे कळप अगदी थोडे. महाराष्ट्रात गडचिरोलीतील कोलामार्काचे जंगल हाच तिचा अखेरचा आसरा. अधिवास आक्रसला, शिकार झाली, शिवाय पाळीव म्हशींशी संकर होऊन तिचा अस्सल वंशही पुसट होत चालला आहे.

बँकेत खाते उघडताना आधी ओळख पटवावी लागते, कारण एकाची शिल्लक दुसऱ्याच्या नावे मांडून चालत नाही. वनसंपदेच्या हिशेबालाही हाच नियम लागू पडतो. गव्यांची शिल्लक रानम्हशीच्या खात्यावर धरली, तर ते खाते रिकामे झाल्याचे कोणाच्या ध्यानीही यावयाचे नाही.